शालू पुलाखाली थांबली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि शालूला तर — कोणत्या तोंडाने सांगणार? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

शालू माझी धाकटी बहीण. चिकपेटेत, कानडी मुलखातल्या त्या जुन्या बाजारात, आमचं आजोबांपासूनचं साड्यांचं दुकान; गल्ल्यावर बसून बसून माझं पोट सुटलेलं. ती नुकतीच आजारातून उठली होती — कॅन्सर, घरात आम्ही नावही घेत नसू. ज्या हॉस्पिटलात ती बरी झाली, तिथल्या गरीब रुग्णांसाठी सायकल फेरी निघणार होती. तिने माझंही नाव देऊन टाकलं. जोडीजोडीने जायचं आणि जोडीदाराला सोडून पुढे जायचं नाही, असा नियम होता.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास — सकाळपासून धो धो पाऊस. शहराबाहेरच्या पीण्या भागातल्या कारखान्यांपर्यंत मी कसाबसा तिच्या मागे होतो. मग चढ लागला. डोक्यावर जेमतेम बोटभर केस उगवलेली ती पोरगी सरसर पुढे गेली आणि वळून म्हणाली, "अण्णा, स्वल्पच राहिलंय, ये की. पुढे पुलाखाली थांबते." किती मायेने म्हणाली. मला मात्र राग आला. कशाचा? पावसाचा म्हणालो असतो तर — नाही, तिचाच आला. इतके महिने मी तिला हाताला धरून चालवलं होतं, आणि आता ती माझ्यासाठी थांबणार होती. ते मला सोसलं नाही.

मी सायकल वळवली. रस्त्याकडेच्या दर्शिनीत, उभ्याउभ्या खायच्या छोट्या हॉटेलात, शिरलो, इडली-वडा घेतला, वर कॉफी. फोन वाजला. शालू. मी तो टेबलावर पालथा ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा. कॉफी छान होती, हेही सांगायला हवं. मी आणखी एक घेतली.

पाऊस ओसरल्यावर पुढे गेलो, तर ती पुलाखाली एकटीच उभी. ओठ निळे पडलेले, दात वाजताहेत. तिला सर्दी-तापापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं — मला ठाऊक नव्हतं का? मला पाहून ती रडलीच. "कुठे पडलास की काय वाटलं रे," म्हणाली. आणि मी म्हणालो — तुलाच शोधत होतो, चुकामूक झाली, फोन भिजला.

तिला ताप भरला. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा सलाईन. मी उशाशी बसून राहिलो, आणि येणारे-जाणारे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. ती त्यातून उठली, हे तिचं नशीब. माझं त्यात काही नाही.

आता दर भाऊबीजेला ओवाळताना ती मुलांना सांगते, मामा भर पावसात मला शोधत किती फिरला. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, लाजतोय. मग ती माझ्या तोंडात लाडू भरवते, आणि मी तो खातो.