ईगलची आई

लोरेन ब्रेक्कीच्या हिवाळी कोटावर डाव्या बाजूला एक चांदीची पिन असायची. मुलगा ईगल स्काउट झाला, म्हणजे स्काउटातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला, की भर समारंभात तो आपल्या हाताने आईच्या छातीवर ही पिन लावतो. पिन नखाएवढी, पण डार्ला टॉलेफसनला ती चर्चच्या दारातूनही दिसायची. लोरेनच्या थोरल्याने, कर्टने, ओढ्यावर पूल बांधून ती आईला मिळवून दिली होती. त्याला सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षं डार्लाच्या पोटात दुखत होतं.

डार्ला आमच्या गावची स्कूलबस चालवते. बावीस वर्षं झाली. जानेवारीत दार गोठलेलं असतानाही तिची चौदा नंबरची बस कधी पाच मिनिटं उशिरा आली नाही. मागे चाळीस पोरांनी धिंगाणा घातला तर ती फक्त आरशात बघते आणि म्हणते, "बसा." अख्खी बस बसते. मोठ्या आवाजाची, करड्या हुकमाची आणि मोठ्या मनाची अशी ही बाई. मनात लोरेनबद्दल जळफळाट नसता तर तिच्यासारखी दुसरी शोधून सापडली नसती.

तिचा एकुलता एक मुलगा नोलन बापावर गेलेला. प्रश्न विचारला की आधी जमिनीकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला तो अठरा वर्षांचा होणार होता. ईगल व्हायचं तर त्याआधी गावासाठी एक मोठं काम उभं करून दाखवावं लागतं. हातोडा कुणीही मारावा, पण माणसं जमवणं, कामं वाटणं, चुकलं तर निस्तरणं हे सगळं त्या पोराचं. मोठ्यांनी त्याला विचारायचं आणि तो सांगेल ते करायचं.

मे महिन्यात नोलनने जेवताना आपला बेत सांगितला.

"पाइप?" डार्लाचा काटा हातातच राहिला. "नळाचे पाइप?"

"तुटलेली गळाची दोरी टाकायला. तळ्याकाठी सात ठिकाणी लावायचे. गेल्या उन्हाळ्यात तो लून पक्षी दोरीत गुंतून मेला ना, मी सोडवायला गेलो तोवर..."

"लोरेनची धाकटी ब्रिटासुद्धा ईगल व्हायला बागेत चाळीस माणसं बसतील एवढा मंडप उभारतेय. आणि तू सात पाइप लावणार? लोक काय म्हणतील?"

"काही नाही म्हणणार."

"म्हणतील, 'वेगळंच आहे हो.'"

आमच्याकडे 'वेगळंच आहे' याचा अर्थ आमच्याकडच्यालाच कळतो. त्यापेक्षा शिवी बरी.

आठवड्याभरात डार्लाने बेत बदलला आणि पाइपांच्या जागी लाकडी धक्का आला. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना मासे धरता येतील असा, तीस फूट पाण्यात जाणारा. डार्लाने उद्यानखात्यात फोन केले, नकाशा मिळवला. नोलनने जमिनीकडे बघून मान हलवली. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण हे डार्लाला सांगणार कोण?

ऑगस्टमध्ये ब्रिटाच्या मंडपाचं काम निघालं. डार्ला मदतीला गेली, म्हणजे खोड काढायला. बघते तर एक खांब चक्क तिरका, आणि लोरेन खुर्चीत बसून डोनट खातेय.

"लोरेन, खांब वाकडा आहे."

"दिसतंय गं मला. तिलाही दिसेल."

अर्ध्या तासाने ब्रिटाला दिसला. सोळा वर्षांच्या त्या पोरीने सगळ्यांना थांबवलं, "माझं माप चुकलं" म्हणाली आणि खांब उपटून पुन्हा रोवायला लावला. मोठमोठे बाप्ये निमूट खणत होते. डार्लाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरगी नाटकी आणि आई तिच्याहून नाटकी, असं तिने घरी येऊन जाहीर केलं.

सप्टेंबरात नोलनची पाळी आली. तेवीस माणसं तळ्याकाठी जमली. नोलन हातात कागद धरून उभा होता. स्काउटमास्तर विकने विचारलं, "बोल नोलन, आधी खांब की आधी चौकट?"

नोलनने कागदाकडे पाहिलं. दोन सेकंद गेले असतील. लोरेन समोरच उभी होती. ते दोन सेकंद डार्लाला सोसवले नाहीत.

"खांब!" ती गरजली. "चौघं पाण्यात उतरा. तुम्ही दोघं फळ्या मापा. चला, चला!"

अख्खी बस बसते तशी ती तेवीस माणसं कामाला लागली. त्यानंतर प्रत्येक जण तिलाच विचारायचा. दुपारपर्यंत नोलन कागद खिशात घालून आई सांगेल तिथे फळ्या नेऊन टाकत होता. चार वाजता धक्का पुरा झाला. गावात असा धक्का झाला नव्हता, हे शत्रूनेही मानावं.

ऑक्टोबरच्या सहा तारखेला शाळेतून आल्यावर नोलन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. समोर शेवटचं पान होतं. त्यावर छापलेलं: या कामाचं नेतृत्व मी केलं, हे स्काउट म्हणून शपथेवर सांगतो. खाली सहीची रेघ.

"झालं का?" डार्लाने विचारलं. समारंभाला घालायचा निळा ब्लाउज ती इस्त्री करत होती.

"मी नाही सही करत."

"म्हणजे?"

"मी कुठे केलं नेतृत्व?"

"अरे, कोण विचारतंय? सगळ्याच आया थोडीफार मदत करतात. तीन दिवस उरलेत नोलन! दुसरं काम उभं राहील का आता?"

"नाही राहणार."

"मग कर ना सही!"

त्याने पान तिच्याकडे सरकवलं. पेनही ठेवलं. आवाज चढला नव्हता. "धक्का छान झालाय, आई. तू कर सही. तुझाच आहे."

आणि तो वर निघून गेला. डार्लाने ओरडून बघितलं, रडून बघितलं, बापाला मध्ये घालून बघितलं. नऊ तारीख आली, केक कापला, आणि पान कोरंच राहिलं. गावात तिने सांगितलं की कागदपत्रांत घोळ झाला.

नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात ब्रिटाचा समारंभ झाला. ब्रिटाने आईला पिन लावली. लोरेनची दुसरी! टाळ्या वाजल्या तशी डार्ला स्वयंपाकघरात पळाली आणि लिंबाच्या वड्या कापू लागली. गरज होती त्याहून जोरात.

मागून लोरेन आली. "डार्ला, विकनं मला सांगितलं. नोलनच्या सहीचं."

"हो का? ये, तूही मीठ चोळ."

"तसं नाही गं." लोरेनने दार लोटलं. "कर्टचा पूल त्याच्या बापानं बांधला. खिळान् खिळा. कर्ट त्या शनिवारी दुपारपर्यंत अंथरुणात होता. आणि शपथेवर सही केली ती डोळा न लवता. मी बघत होते, काही बोलले नाही. म्हणून ब्रिटाच्या वेळी खुर्चीला चिकटून बसले." ती थांबली. "तुझा नोलन समोर दिसला की मला हेवा वाटतो. खरंच सांगते."

सहा वर्षं डार्ला हे ऐकायला टपली होती. लोरेन ब्रेक्कीला तिचा हेवा वाटत होता! आणि ऐकायला कोण? ताटभर वड्या.

तिने सुरी ठेवली, हात पुसले आणि वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. मधल्या लांब टेबलाशी गावातल्या डझनभर बायका कॉफी पीत होत्या. नोलन किटली घेऊन कप भरत होता. लोरेन घाबरून मागोमाग आली आणि तिने डार्लाची बाही धरली.

"तुझं नाही गं सांगत," डार्ला पुटपुटली. मग बसमध्ये काढते तो आवाज काढला. "बायांनो, ऐका! माझा नोलन ईगल का नाही झाला, माहितीये? कागदपत्रांत काही घोळ नव्हता. खोटं बोलले मी. त्याचं काम मी हिसकावून घेतलं. बडबड, हुकूम, सगळं माझं. आणि हा पोरगा म्हणाला, मी केलं नाही त्यावर शपथेवर सही करणार नाही. तीन दिवस मी पाया पडले याच्या. नाही केली!"

कुणीतरी कप बशीत ठेवला.

नोलनचे कान लाल झाले होते. "आई, पुरे."

"गप रे," डार्ला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती शेजारच्या बाईकडे वळली आणि तीच गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली.