मसुराएवढी चांदी

आमच्या मजल्यावरच्या काकांएवढा बारीक शौकाचा आणि जाड चष्म्याचा माणूस अख्ख्या बदलापुरात दुसरा नसेल. अंगावर येईपर्यंत त्यांना रिक्षा दिसायची नाही, आणि जमवायचे काय, तर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक लोकांची चांदीची नाणी. तीपण सगळ्यात चिल्लर, मसुराच्या डाळीएवढी. "ग्रीक माणूस बाजारात जाताना ही गालात ठेवायचा," असं म्हणून एकदा करून दाखवायला गेले आणि नेमकी शिंक आली. तासभर आम्ही सोफा उलटा करून बसलो, नाणं सापडलं पायपुसण्यात. एक नाणं खरं की खोटं विचारायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या चांदीवाल्या सिंधी शेठकडे गेलो, तर शेठ म्हणाला, "साईं, इतने में तो नथ का काँटा भी नहीं बनेगा." काका चार दिवस घुश्श्यात. मी शेठची नक्कल करून दाखवली तेव्हा कुठे हसले.

नाणी काकांची, पण डोळे काकूंचे. काचबिंदूमुळे काकांना भिंगातूनही सगळं धुरकट दिसायचं. मग काकू तांदूळ निवडायच्या ताटातच नाणी ओतून घ्यायच्या आणि सांगायच्या, "हे कासव. ही बाई, नाक फेंदरं. हा घोडा. उचला आता, मला कुकर लावायचाय." कटकट करायच्या, पण एकसुद्धा चुकायच्या नाहीत.

डिसेंबरात काकू गेल्या. महिनाभर काकांनी नाण्यांची डबी उघडली नाही. मग एका दुपारी मला हाक मारली. पुढ्यात तेच ताट, त्यात सात-आठ नाणी. मी भिंग घेऊन सुरू केलं, "हा घोडा आहे, काका."

"असं नको," काका म्हणाले. "तू सगळ्यांच्या नकला करतोस ना? हिची येते?"

येत होती. जिन्यात पोरांना हसवायला कितीदा केली होती, काकूंना माहीत नसताना. त्या दिवशी मी ताट जवळ ओढलं. आणि केली. "हा घोडा. हे कासव. नीट धरा, पडेल." काका भिंतीकडे बघत ऐकत होते.

"हे घुबड," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "घरात त्याचं नाव घ्यायची नाही ती. पाखरू म्हणायची."

"हे पाखरू."

"हं. पुढचं?"

ताटातली नाणी संपली होती. मी सगळी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं सांगायला लागलो, त्याच आवाजात.