माझ्याच गाडीत माझी लाल फुली

भावांनो, चहा हातात आहे तोवर कॅन्टीनच्या फळ्यावरचा हा कागद वाचा. डोकं फिरलंय माझं.

आज सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तळेगावला नेत होतो. चिंचवड सोडलं नाही तोच बॉनेटमधून वाफ! दोन महिन्यांत तिसऱ्यांदा वॉटर पंप गळाला. गाडी जुनी आहे, मान्य. पण पंप तर नवा बसवलाय ना?

ढकलत ढकलत गॅरेजला नेली. मेस्त्रीला वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, "साहेब, ओरिजिनल माल आहे, तुमच्याच कंपनीतला." त्याने पंप काढून रॉकेलने पुसला, तर आतल्या कोपऱ्यात लाल फुली. तिची शेपटी डावीकडे वळलेली.

राव, मी डावखुरा. अशी फुली अख्ख्या इन्स्पेक्शनमध्ये मी एकटाच मारतो. भेग दिसली म्हणून मीच रिजेक्ट केलेला पंप माझ्याच गाडीत!

रिजेक्ट माल हातोड्याने फोडूनच भंगारात टाकायचा, हे इथे प्रत्येकाला पाठ आहे. मग हा अख्खाच्या अख्खा गेटबाहेर गेला कसा? फोडायचा कंटाळा कुणी केला? बाजारात कुणी नेला?

डॉक्टरची वेळ हुकली ती हुकलीच. आई गॅरेजच्या बाकड्यावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "तूच नगं म्हनून टाकलेलं तूच इकत घेतलंस व्हय?"

तिला काय उत्तर देऊ? ज्याला ठाऊक असेल त्याने इथेच खाली लिहावं. नावासकट.