बंबाचा धूर

सकाळी परसात बंब पेटवला की निळा धूर कुंपणाच्या भिंतीवर जरा रेंगाळतो. कोवळं ऊन त्यातून गाळून येतं आणि पलीकडचा शेवगा पाण्याखाली असल्यासारखा हलतो. एवढ्या मोठ्या शहरात इतकं धुकं आपल्या एकट्याच्या मालकीचं, याचं मला रोज सुख वाटतं.

शेजारच्या सुमनकाकूंना दमा आहे. महापालिकेचा हवेचा निरोप मोबाईलवर आला की त्या खिडकीतून मोठ्यानं वाचतात, ‘हवा खराब. दम्याच्या रुग्णांनी बाहेर पडू नये.’ मग म्हणतात, “मेले ते कारखाने नि त्या मोटारी!” मी नुसती मान हलवतो. बंबात लाकडांबरोबर दुधाच्या पिशव्याही जळत असतात, हे सांगायला तोंड उघडत नाही. आपला धूर आपल्याला धूर वाटतच नाही, घराचा वास वाटतो. शहराची हवा बिघडवणारं माणूस नेहमी दुसऱ्या गल्लीत राहतं.

आज काकूंचा खोकला थांबेचना. मी भिंतीशी गेलो.

“काकू, हा धूर माझ्या बंबाचा आहे. रोजच असतो. पिशव्यासुद्धा जाळतो मी त्यात.”

त्यांनी नाकावरचा पदर काढला. “मग उभा काय राहिलास? विझव की आधी!”

आंघोळीसाठी काढलेलं सगळं कढत पाणी मी बंबाच्या जळत्या नळीत ओतलं. चर्र झालं, पांढरी वाफ उठली आणि विरली. मग गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला, आणि क्षणभर माझा श्वास छातीतच अडकला.