लांबवलेला शब्द

देवरीहून गोंदियाला जाणाऱ्या बसमध्ये तो आठवड्यातून दोनदा बायकोला खिडकीशी बसवायचा. कुणी विचारलं की सांगायचा, "डायलिसीऽऽस." बांधावरून पल्याडच्या माणसाला हाक मारावी तसा शेवट उंच आणि लांब. मी मास्तर, राहवलं नाही. म्हटलं, "इतका लांबवू नका. डॉक्टरांसारखा तोडून म्हणा."

बायकोच्या सुजलेल्या हातावर शाल ओढत तो म्हणाला, "डाक्टर बोलून मोकळा होते, गुरुजी. आमाले त्याच्यासंगं राहा लागते."

परवा तो एकटाच चढला आणि खिडकीची जागा सोडून कडेला बसला. कंडक्टरनं सवयीनं विचारलं, "डायलिसिस?"

"डायलिसिस सरलं."

शब्द आखूड, तुटका. मी शिकवला होता अगदी तसा.