बाबांना ऐकू येईल असं पिकअप

इमारतीचा पाया डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो पाया असतो. संगीतात हे काम जाड सुरांचा बास करतो. हे वाक्य मी तरुणपणी पुष्कळ लोकांना ऐकवलं. माझा बास मात्र त्यांच्यापैकी कुणालाच ऐकू आलेला नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नागपुरात ऑर्केस्ट्रांचं पीक आलं होतं. दिवसा कचेरीत फायली सरकवणारी माणसं संध्याकाळी चकाकणारे शर्ट घालून गणपती, शारदोत्सव आणि लग्नं वाजवत. मीही त्यांतलाच. आमच्या ऑर्केस्ट्राचे संचालक कीबोर्ड वाजवत आणि निवेदनही करत. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात पाच तारांच्या बास गिटारचा फोटो पाहिला आणि आमचा कलकत्त्याहून आणलेला चार तारांचा बास त्यांना एकाएकी गरीब वाटू लागला. लकडगंजात दिवाण आणि शोकेस करणाऱ्या एका सुताराकडून त्यांनी गिटारच्या मानेला सागवानाची पट्टी जोडून घेतली, वर एक खुंटी वाढवली आणि तिथे चारही तारांहून जाड अशी पाचवी तार बसवली. तेव्हापासून दर कार्यक्रमात ते माईकवर गर्जत, "विदर्भातला पहिला पाच तारांचा बास!" लोक टाळ्या वाजवत आणि मी मान खाली घालत असे. लोकांना तो विनय वाटे.

कारण पाचवी तार वाजतच नव्हती. तारांच्या खाली पिकअप नावाच्या दोन डब्या असतात. आत चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर तार थरथरली की डबीला ते कळतं आणि ती ॲम्प्लिफायरला जाऊन सांगते. आमच्या डब्या चार तारांच्या मापाच्या होत्या. पाचवी तार त्यांच्या हद्दीबाहेर पडली होती. बाकीच्या चारांबद्दलही त्या म्हाताऱ्या डब्या आता फारसं बोलत नसत.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. अडचण बाबांची होती.

बाबा मिलमध्ये मागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांच्या कानांतले बारीक आवाज खाऊन टाकले होते आणि जाड आवाज तेवढे शिल्लक ठेवले होते. चहावाल्याची हाक त्यांना येत नसे, पण ट्रकचं इंजिन दोन गल्ल्या पलीकडून कळे. म्हणजे आमच्या अख्ख्या ऑर्केस्ट्रात त्यांना ऐकू येण्याजोगं एकच वाद्य होतं, आणि ते माझ्या गळ्यात होतं. एका शारदोत्सवाला ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसले. परत येताना सायकल हातात धरून चालत होते.

"तू होता न गा तिथं?"

"होतो ना, बाबा. तुम्ही पाहिलं की."

"दिसला तं. पण वाजवून काहून नाही राहिला होता?"

"वाजवत होतो."

"कधी?"

बाबा रागावले नव्हते, उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. आपल्या पोराला ऑर्केस्ट्रावाले दयेपोटी उभं करतात असा त्यांचा समज झाला असावा. तो समज किती खरा होता, हे ठरवायचं मी टाळलं.

त्याच हिवाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं. होणारे व्याही निवृत्त मुख्याध्यापक होते आणि कोणत्याही विषयावर दोन शब्द बोलू शकत. बैठकीत त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. माझ्या नोकरीचं न सांगता बाबा म्हणाले, "बाजा वाजवते."

"कोणता बाजा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "मोठा आहे," ते म्हणाले. "पाच तारांचा. लग्नात ऐकाच तुम्ही, इवाई."

दुसऱ्याच रविवारी मी बास उशीच्या अभ्र्यात घातला आणि तांब्याच्या तारेचे वेढे देणाऱ्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात नेला. अभ्रा अर्धाच पुरला आणि मान बाहेर राहिली. दुकानात चहूकडे पंख्याच्या आणि कूलरच्या मोटारी उघड्या पडल्या होत्या. कारागिरानं गिटार आडवी धरली, उलटी केली आणि विचारलं, "याचा पंखा कुठं लागते?"

मी समजावून सांगितलं. माझं भाषण संपेपर्यंत तिथं तीन-चार गिऱ्हाइकं जमली आणि त्यांतल्या एकानं "सतार आहे" असा निकाल दिला. कारागिरानं फुटक्या लाउडस्पीकरच्या चुंबकाचे तुकडे वापरून पाच तारांच्या रुंदीच्या दोन डब्या बनवल्या. गिटार परत देताना तो खुशीत म्हणाला, "वेढे जास्तच देल्ले, भाऊ. मजबूत राहीन." मजबुतीविरुद्ध बोलायचं मला काही कारण नव्हतं. संचालकांच्या घरी डब्या बसवून पाचवी तार छेडली तेव्हा फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणले. संचालकांच्या बायकोनं आतून विचारलं, कोण पडलं. त्या दिवसाइतका सुखी मी नंतर क्वचितच झालो. हे सगळं थंडी सरता सरता झालं. नागपुरात होळी झाल्याशिवाय कूलर बाहेर निघत नाहीत.

लग्न मे महिन्यातलं. सकाळी विहारात वंदना झाली, लग्न लागलं आणि संध्याकाळी समाजभवनात रिसेप्शन. मी तारा जुळवायला स्टेजवर चढलो तर माझ्या खुर्चीच्या पाठीशी आमच्या घरचा लोखंडी कूलर उभा होता. बाबांनी तो हातठेल्यावर घालून स्वतः आणला होता. नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या होत्या, बादल्यांनी पाणी भरून तो सुरूही केला होता. नवरा-नवरीला एक उभा पंखा होता. "पोरगा घामानं निथळते," बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

मी वायर जोडली, आवाज वाढवला आणि स्पीकरमधून एक जाड, अखंड हुंकार निघाला. माझी बोटं अजून तारांना लागली नव्हती. जास्तीच्या वेढ्यांमुळे त्या डब्या तारांचंच नव्हे, तर पाठीमागच्या कूलरच्या मोटारीचंही मन लावून ऐकत होत्या.

पहिल्या रांगेत बाबा ताठ बसले. त्यांनी व्याह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "येऊन राहिला न आवाज? तो आमचा."

संचालक दातांतल्या दातांत म्हणाले, "काय घुमून राहिलं बे? कूलर बंद कर, नाहीतर तू तरी बंद हो."

कूलर बंद करणं म्हणजे बाबांना बंद करायला सांगणं. मी दुसरी सूचना मानली आणि आवाज शून्यावर आणला. बाबांनी हात कानामागे नेला. जरा वाट पाहिली. मग उठून, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "काहून थांबला गा? चालू ठेव! इवाई ऐकून राहिले!"

सगळं समाजभवन माझ्याकडे पाहू लागलं. मी आवाज पूर्ण वाढवला.

त्या संध्याकाळी मी माझ्याकडून सगळी गाणी वाजवली. गाणी बदलत होती, पट्ट्या बदलत होत्या, हुंकार तेवढा जागचा हलत नव्हता. गाणारी बाई दर कडव्याला वळून माझ्याकडे बघत होती. संचालकांनी "विदर्भातला पहिला" हे वाक्य त्या दिवशी प्रथमच गिळलं. मध्येच बाबा बादली घेऊन स्टेजवर चढले आणि चालू गाण्यात कूलरमध्ये पाणी ओतलं. उतरताना त्यांनी मला 'छान चाललंय' अशी मान हलवली. माझे कान तापले होते आणि पाठ गार पडली होती.

जेवणानंतर व्याही बाबांना घेऊन माझ्याकडे आले. "इतका वेळ एकच सूर धरून ठेवणं," ते गंभीरपणे म्हणाले, "याला साधना लागते."

बाबा नुसते माझ्याकडे पाहत उभे राहिले. कूलरचं खरं सांगायचं मी ठरवलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं नाही. मी "धन्यवाद" म्हणालो.

घरी आल्यावर कूलर परत खिडकीत बसवला. तो सुरू झाला तसे बाबा खाटेवर पडल्या पडल्या लक्ष देऊन ऐकू लागले.

"तुझा बाजा अगदी याच्याच सुरात आहे गा," ते म्हणाले. "चांगला जुळवला तू." आणि कूस बदलून झोपले.

व्याह्यांनी त्या रिसेप्शनची कॅसेट करून घेतली होती. ती आता माझ्याकडे आहे. तिच्यात गाणारी बाई खूप लांबवर आहे, पंगतीत वाढणाऱ्यांची हाकाटी आहे, एक मूल रडतं आहे. पाच तारांपैकी एकही कुठे नाही. कूलर स्पष्ट ऐकू येतो.