पाचशे टक्क्यांत न मावलेलं तोंड

लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर मला कळलं, की माझ्या बायकोचं तोंड लॅपटॉपच्या पडद्यात मावत नाही.

आमची ही लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला गेल्ती. निघताना मी ऐटीत म्हणालो, "जाय बिनधास्त! माझं काही अडत न्हाई." तीन महिने झाले. भोकरदनचं घर नुसतं खायला उठायचं. सकाळी उठून "अगं, चहा!" म्हणून हाक मारायचो, आणि मंग आठवायचं. भांडायलासुद्धा कुणी नाही हो घरात!

जावईबापूंनी भारीतला लॅपटॉप पाठवला. "आप्पा, पडदा एकदम बारीक ठिपक्यांचा आहे. आई लख्ख दिसतील." ठिपके बारीक होते, हे खरं. पण बाकी सगळंही बारीकच! अक्षरं मोहरीएवढी, आणि एका कोपऱ्यात ही, पोस्टाच्या तिकिटाएवढी. कुंकू दिसलं तर नाक दिसेना.

आता मी पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. निम्म्या तालुक्याच्या विहिरी माझ्या भरवशावर! मी कशाला कुणाला विचारू? पण शेजारचे रफिकभाई टेलर न विचारताच आले.

"आप्पा, सेटिंगमधी जाऊन आकाराचे टक्के वाढवा. भाभी बराबर दिसतील."

पुढच्या कॉलला दोनशे केले. अक्षरं फुगली, ही तेवढीच. त्याच्या पुढच्याला तीनशे केले. बटणं पुरीएवढी झाली, आणि त्यांच्या गर्दीत ही उलट आक्रसली!

"अजून वाढवा," रफिकभाई म्हणाले. "कापड कमी पडू द्यायचं न्हाई."

मी पाचशे ठोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी (तिकडं संध्याकाळ असते) कॉल आला, तेव्हा रफिकभाई शेजारी हजरच. घेतला, तर पडदाभर एक हात! हिचाच. हिरव्या बांगड्या, नातीला थोपटत होता. खांद्याच्या वरचं सगळं पडद्याबाहेर, आणि खाली फोन बंद करायचं लालभडक बटण.

"अहो, दिसून राह्यले का मी?"

"हात दिसून राह्यला!"

"आँ?"

"खाली वाक जरा!"

ती बिचारी वाकली, तर हातही गेला.

"आप्पा, ती खिडकीच खाली ओढा, जल्दी!" रफिकभाई ओरडले.

ओढायला हाताशी होतं ते लाल बटणच. ओढलं. कट! पुन्हा कॉल आला. मी डोळे बारीक करून पडद्याच्या वरच्या कडेतून आत डोकावलो. (हसू नका, रफिकभाईही डोकावले!) पुन्हा ओढलं. पुन्हा कट! असं तीन-चारदा झालं.

मंग साधा फोन वाजला. हिचा आवाज रडवेला.

"एवढा राग होता, तर जाऊच कशाला दिलं मला?"

"कसला राग?"

"आठ्या घालता, टकामका बघता, अन् फाडकन फोन बंद करता! पोरगी रडून राह्यली इथं. म्हणते, आई, तू जाय परत. जावई तिकीट बघायलेत!"

खरं सांगतो, जीभ क्षणभर वळवळली. हो म्हणायचा अवकाश, की बायको घरी! पण लेक ओली बाळंतीण. मंग जे इतक्या वर्षांत बंद दाराआडही बोललो नव्हतो, ते मी रफिकभाईंच्या देखत बोंबललो.

"अगं, राग न्हाई! तुझं तोंडच दिसंना! तीन महिने झाले, मला तुझं तोंड बघायचंय!"

रफिकभाई भिंतीवरची पाल निरखू लागले.

"मलाबी करमत न्हाई," ती हळूच म्हणाली. मंग एकदम कुजबुजली, "पण तुम्ही मघाशी इकडं लख्ख दिसत होते हो! जावयानं भिंतीवरच्या टीव्हीला जोडलंय. व्याही, विहीणबाई, सगळे बसलेत समोर. आधी अंगात सदरा घाला!"

सदरा घातला. पुन्हा कॉल आला. लेकीनं फोनवर सांगून टक्के उतरवून घेतले, कुठलंसं चौकोनी बटण दाबायला लावलं, आणि ही पडदाभर उगवली! डोळे पुसत होती अन् हसत होती. थोडी वाळली होती. तिच्या मागं सोफ्यावर सगळी सोयरे मंडळी ओळीनं माझ्याकडं बघत बसलेली.

आता एवढ्या माणसांसमोर स्वतःच्या बायकोकडं टक लावून बघायचं तरी कसं? मी मान खाली घातली, ती कॉल संपेपर्यंत वर केली नाही!